जिंकलं कोण, बाई?

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचे. आमच्या पुस्तकातल्या प्रत्येक लढाईला तीन भाग असत. कारणं, घटना आणि परिणाम. मुलांना पहिल्या दोन्हींचा मनस्वी कंटाळा. कारणं सुरू झाली की मागच्या बाकावर जांभया सुरू. त्यांना एकच हवं असायचं, "जिंकलं कोण, बाई?" क्रिकेटचा निकाल विचारावा तसं विचारायची. मी सांगून टाकायचे आणि फळा पुसायचे.

पंचाईत व्हायची ती सहलीला. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून राजपुरी आणि मग शिडाच्या होडीतून मुरूडचा पाण्यातला किल्ला, अशी आमची ठरलेली सहल. तो किल्ला बाहेरच्यांना कधी घेता आला नाही. पण आतल्यांनाही बाहेरच्यांना कायमचं हुसकावता आलं नाही. बाहेरच्यांनी जिद्दीने तिथल्याच पाण्यात आपला दुसरा किल्ला उभा केला. आज दोन्हींच्या तटांवर झाडं उगवली आहेत. मग जिंकलं कोण? होडीवाला मात्र कधी अडायचा नाही. समोर कोण बसलंय ते बघून तो निकाल द्यायचा, आणि दोन्ही प्रकारचे पाहुणे खूश होऊन उतरायचे. मला ते जमेना. शेवटी मी माझी एक कसोटी काढली. मुलांना म्हणायचे, लढाईच्या दिवशी कोण नाचलं ते बघू नका. दुसऱ्या दिवशी पहारा कुणी उठवला ते बघा. ज्याला पहारा उठवून झोपता आलं, तो जिंकला. दोघांचेही पहारे चालूच असतील तर लढाई संपलेली नाही, नुसती थांबलेली आहे.

पुस्तकात हे नव्हतं. परीक्षेत याला गुणही नव्हते. त्यामुळे बहुतेक मुलं ते विसरली. एक विसरला नाही. तो माझाच मुलगा होता, शाळेच्या वेळात मला नाइलाजाने 'बाई' म्हणणारा, इतिहासात जेमतेम पास होणारा. तो पुढे जहाजावर गेला. तेलाच्या जहाजावर, इंजिन रूममध्ये, मोटरमन म्हणून, म्हणजे यंत्रांची देखभाल करणारा.

आमच्या भागात यात नवल काही नाही. बोर्ली पंचतनच्या बाजारात दुपारी उभं राहिलं तर चार बायकांमागे एकीचा नवरा, दीर नाहीतर भाऊ कुठल्या ना कुठल्या समुद्रात असतो. माझे यजमानही जहाजावरच होते. ते गेले, पण त्यांनी लावलेली शिस्त घरात राहिली. जहाजावरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. त्यानेही तिथलं वाईट घरी सांगायचं नाही. आणि 'घरी ये' हे शब्द फोनवर उच्चारायचे नाहीत. भर समुद्रात माणूस ऐकून करणार काय? उडी मारणार? नुसता हात थरथरेल, आणि ज्या जागी तो काम करतो तिथे थरथरणारा हात परवडत नाही. यजमानांचे वडील गेले तेव्हा मी फोनवर त्यांना पावसापाण्याचं सांगत बसले होते. त्यांना ते बंदरात उतरल्यावर कळलं, आणि त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. आमच्यातली प्रत्येक घरधनीण असं खोटं बोलण्यात तयार असते.

आखातात लढाई पेटली तेव्हा मुलाचं जहाज सामुद्रधुनीच्या तोंडाशी नांगर टाकून उभं होतं. आत आखातात शिरायचं, तेल भरायचं आणि बाहेर यायचं, असा त्यांचा बेत. दोन देश त्याच अरुंद पाण्याच्या दोन्ही अंगांनी एकमेकांवर आग ओकू लागले. त्यांची नावं लिहायची मला इच्छा नाही. पुढे पुस्तकात येतील तेव्हा मुलं पाठ करतील.

रोज दुपारी मुलाचा फोन यायचा. "आम्ही लांब आहोत गं, इथे काही दिसतसुद्धा नाही," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "आम्ही टीव्ही लावतच नाही." हे बोलताना समोर टीव्हीवर आगीचे लोळ चाललेले असायचे, नुसता आवाज बंद केलेला. एकदा व्हिडिओवर बोलताना त्याचा फोन हलला आणि केबिनची खिडकी दिसली. काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या मारल्या होत्या. शेजारी, हात लांबवला की मिळेल असं, नारिंगी जीवरक्षक जाकीट टांगलेलं. त्याने झटकन फोन वळवला. मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "जेवलो." काच फुटून अंगावर येऊ नये म्हणून पट्ट्या मारतात हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिले.

सून म्हसळ्याची. मुळात अबोल. त्या दिवसांत तर तिने तोंडाला कुलूपच घातलं. मी बडबडून मन मोकळं करणारी बाई, मला तिच्या गप्प राहण्याचा राग यायचा. वाटायचं, पोरगी दगडाची आहे की काय? नवरा आगीच्या तोंडाशी आणि ही शांतपणे तांदळाच्या फेण्या वाळत घालतेय. मात्र तिचा फोन कमरेला खोचलेला असायचा आणि हात धुतला की ती आधी फोन बघायची.

फोनवर जगातल्या जहाजांचा नकाशा दिसतो. प्रत्येक जहाजाचा एक ठिपका. आमच्याकडच्या बायका तो ठिपका बघून दिवस काढतात. यजमानांच्या वेळी महिन्याकाठी एखादं पत्र नाहीतर फोन आला तर आला. आता चहा उकळेपर्यंत नवरा कुठे पोचला ते कळतं. याचं सुख वाटायचं तोपर्यंत वाटलं.

एका सकाळी शेजारची भाभी धावत आमच्या ओटीवर आली. चपलासुद्धा नव्हत्या पायात. तिचा नवरा त्याच जहाजावर बोसन आहे, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. माझा मुलगा त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्याच शब्दावर त्याला हे जहाज मिळालं होतं. भाभी म्हणाली, "बाई, जहाज जमिनीवर गेला! बघा, बघा तुमी."

सुनेने फोन काढला. खरंच, ठिपका समुद्रात नव्हता. किनाऱ्यापासून आत, वाळवंटात, जिथे विहिरीचंही पाणी नसेल अशा जागी आमचं जहाज उभं होतं. त्याच्याभोवती आणखी कितीतरी ठिपके, सगळे गोल रिंगण करून. माझ्या मनात आलं की सगळी जहाजं बुडाली, आता हा नकाशा वेड्यासारखा त्यांना कुठेही टाकतोय. भाभी ओटीच्या खांबाला धरून अल्लाचं नाव घेत खाली बसली. सून म्हणाली, "लढाईत ते सिग्नल बिघडवतात, आई. मी वाचलंय. जहाज जागेवरच असणार." मी तिच्यावर खेकसले, "असणार म्हणजे काय? आहे की नाही ते सांग!" आम्ही तिघी त्या ओटीवर बसून राहिलो. भात शिजवायचं कुणाला सुचलं नाही. उन्हं अंगणात आली, फेण्या कडक झाल्या, कावळ्यांनी त्यातल्या काही पळवल्या, कुणी हाकललं नाही. दुपार टळल्यावर मुलाचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला : "नेट नव्हतं. नांगरावर आहोत. सगळं ठीक."

मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. भाभीने तो ऐकला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. तिच्या नवऱ्याचा निरोप वेगळा आला नव्हता, पण एका जहाजावरचं एकाचं ठीक ते सगळ्यांचं ठीक. सून उठली आणि तिने भात लावला.

पुढे एक दिवस अचानक तह झाला. तह म्हणजे, गोळीबार थांबवल्याचं दोघांनी जाहीर केलं. सकाळी टीव्ही लावला तर एका देशाच्या राजधानीत लोक रस्त्यावर नाचत होते. दुसरं चॅनल लावलं तर दुसऱ्या देशाच्या राजधानीत लोक रस्त्यावर नाचत होते. एक पुढारी म्हणाला, ऐतिहासिक विजय. दुसरा म्हणाला, शत्रूची नांगी ठेचली. दोघांच्याही मागे झेंडे, दोघांच्याही गळ्यात माळा. आमच्या इथले तज्ज्ञ टेबलाभोवती बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. त्यांनी कुणाला किती गुण याचा तक्तासुद्धा केला होता.

मी बाजारात गेले तर तिथेही तोच खेळ. माझे एक चुलत दीर किराणा दुकान चालवतात. ते येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होते. "घ्या वहिनी. आपले जिंकले." रस्त्याच्या पलीकडे चहाच्या हॉटेलात दुसरी मंडळी बसली होती. ती दुसऱ्या देशाच्या बाजूची, आणि त्यांचाही विजयच चालला होता. इथून तिथवर ढेकळं फेकावीत तसे शब्द फेकले जात होते. यातल्या एकानेही तो समुद्र पाहिला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"भावजी," मी म्हणाले, "तुमचं जहाज कुठलं?"

"म्हणजे?"

"तुमचा तिथे कोण आहे? आपले म्हणजे कोण? माझा आहे तिथे एक. त्याच्या डोक्यावरून दोघांचीही अस्त्रं गेली. मला तर कुणी विचारलं नाही जिंकलं कोण ते."

दीर ओशाळले. पेढा हातातच राहिला. "पण आता संपलं ना वहिनी," ते म्हणाले. "आता पोरगं सुखरूप."

त्या क्षणी माझाही त्यावर विश्वास बसला होता, हे खरं सांगते. माणूस थकला की त्याला निकाल हवा असतो. कुणीही जिंको, पण जिंको एकदाचं, म्हणजे आपल्याला कूस बदलून झोपता येईल. मी पेढा घेतला आणि घरी येऊन सुनेला अर्धा दिला. तिने तो तोंडात टाकला नाही, वाटीखाली झाकून ठेवला.

दुपारी भाभी आली. नेहमीसारखी ओटीवर न बसता तडक आत, स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. "तुमच्या लेकाचा काय ठरला?" तिने विचारलं.

"कशाचं?"

तिचा चेहरा उतरला. मी काही ऐकलेलं नाही हे तिला कळलं, आणि आपण जीभ सैल सोडली हेही कळलं. मग तिने हळू आवाजात सांगितलं. कंपनीने प्रत्येकाला विचारलं होतं. तह झाला, तेव्हा जहाज आत न्यायचं आहे. ज्याला यायचं त्याने सही करावी, ज्याला नको त्याने उद्या दुपारपर्यंत तसं कळवावं, त्याला लाँचने किनाऱ्यावर आणून विमानाने घरी पाठवतील. जबरदस्ती नाही. चाचांनी सही केली होती. "ते बोलले, एवढी वर्सं गेली, आता भ्यायचा काय? पन तुमचा लेक अजून करत न्हाय. तो कुनाशी बोलत पन न्हाय. मला वाटला, तुमाला सांगितला असंल."

मला त्याने सांगितलं नव्हतं. सुनेलाही नाही. शिस्तच तशी होती, आणि ती त्याला आम्हीच शिकवली होती.

भाभी गेल्यावर मी सुनेकडे बघितलं. तिने सगळं ऐकलं होतं. "काय करायचं?" मी विचारलं. ती म्हणाली, "ते विचारतील तर सांगू." "आणि नाही विचारलं तर?" ती विळीवर बसली आणि कांदा चिरू लागली. मला वाटलं, तिचे खांदे धरून गदागदा हलवावं. बोल की बाई काहीतरी! तुझा नवरा आहे तो!

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. एरवी दुपारी येणारा फोन सकाळी आला तेव्हाच मी ओळखलं, आज तो काहीतरी विचारणार. इकडचं तिकडचं झालं. पाणी आलं का, विजेचं बिल भरलं का, अंगणातल्या आंब्याला मोहर टिकला का. मग तो अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "आई, तू एवढ्या लढाया शिकवल्यास. तुला काय वाटतं, ही संपली?"

तो काय विचारतोय ते मला समजलं होतं, आणि मला समजलंय हे त्याला माहीत नव्हतं. मी 'हो' म्हणाले तर तो सही करणार होता. 'नाही' म्हणाले तर कदाचित उतरणार होता. माझ्या एका शब्दावर हे टाकून तो तिकडे चिकटपट्ट्या मारलेल्या खिडकीपाशी उभा होता. मला मुलाचा राग आला. एवढं मोठं ओझं आईवर टाकतात का असं, आडून?

"टीव्हीवर तर दोघंही जिंकले म्हणतात," मी म्हणाले.

"ते नको सांगू. तुझं सांग."

"मग मला सांग, पहारा उठवला का त्यांनी?"

तो म्हणाला, "नाही. दोन्हीकडच्या गस्तीच्या बोटी फिरतायत. काल एक अगदी जवळून गेली, तोफेवरचं कापडही काढलेलं होतं. आणि आम्हाला आत जाताना डेकवर कुणी उभं राहायचं नाही असं सांगितलंय."

"मग संपलेली नाही," मी म्हणाले. "दोघंही जिंकले म्हणतात याचा अर्थच तो आहे. हरलेला गप्प घरी जातो रे. इथे घरी कुणी गेलेलंच नाही."

"हं," तो म्हणाला.

तिथे मी थांबायला हवं होतं, शिस्तीप्रमाणे. पण मला ते 'हं' सहन झालं नाही. "मला सगळं कळलंय," मी म्हणाले. "तू उतर. घरी ये."

माझ्या संसारात हे शब्द फोनवर पहिल्यांदा उच्चारले गेले. यजमान असते तर त्यांनी माझ्याकडे बघितलंही नसतं. तो चिडून बोलला. "आई, असं बोलायचं नसतं. तुला माहितेय. इंजिनवर आधीच माणसं कमी आहेत. मी उतरलो तर दुसऱ्याला दोन दोन पाळ्या कराव्या लागतील. चाचा या वयात जातायत, आणि मी लाँचमध्ये बसून घरी येऊ? आईने बोलावलं म्हणून?"

"हो! आईने बोलावलं म्हणून! त्यात लाज कसली?"

"ठेवतो मी," तो म्हणाला, आणि ठेवला.

त्याने सही केली. मी त्याच्याशी भांडले नसते तर तो कदाचित उतरलाही असता, असं मला त्या दिवशी वाटत राहिलं. सून कपडे वाळत घालून आत आली. मी तिला म्हणाले, "ऐकलं नाही त्याने." तिने मान हलवली. मला दोष दिला नाही, धीरही दिला नाही.

जहाज दुसऱ्या दिवशी निघणार होतं. तसं निघालं असावं, कारण सकाळी ठिपका नाहीसा झाला. वाळवंटात नाही, समुद्रात नाही, कुठेच नाही. जाताना आपली जागा कुणाला कळू नये म्हणून ते यंत्रच बंद करतात, असं चाचांनी भाभीला आधी सांगून ठेवलं होतं. तरी ठाऊक असणं वेगळं आणि कोरा नकाशा बघणं वेगळं. सून तो नकाशा वर सरकवायची, खाली सरकवायची, मोठा करायची. भाभी आली आणि दाराशी नमाजाची चटई पसरून बसली, कारण तिच्या घरी एकटीला बसवेना. मी देवापाशी दिवा लावला, पण मला एकही स्तोत्र शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. अर्ध्यात विसरायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. टीव्ही लावायची छाती झाली नाही. त्या दिवशी मला दोन्ही देशांचा सारखाच द्वेष वाटला, त्यांच्या पुढाऱ्यांचा, नाचणाऱ्या लोकांचा आणि माझ्या पेढेवाल्या दिरांचाही.

भांडून फोन ठेवला गेला हे मला आतून कुरतडत होतं. शेवटचं बोलणं ते व्हायला नको होतं. मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, तू बरोबर, मी चूक. माझी कसोटी गेली खड्ड्यात. लढाई संपली होती, सगळं ठीक होतं, तू जिंकलास. फक्त फोन कर.

फोन आला तेव्हा उन्हं कलली होती. सुनेने तो उचलून लगेच माझ्या हातात दिला. स्पीकर चालू होता.

"पोचलो," मुलगा म्हणाला. "आत आलो. बंदराबाहेर नांगर टाकलाय. आई, हरलीस ना?"

माझ्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच फुटला. "हरले," मी म्हणाले. "हरले रे बाबा. पुरती हरले." भाभीने चटईवरच दुवेसाठी हात उचलले. उभ्या आयुष्यात मी शेकडो पराभव शिकवले, पण हरल्याचा एवढा आनंद मी कुठल्या पानावर वाचला नव्हता. मी म्हणाले, "तू म्हणशील ते खरं. मी काही बोलणार नाही आता. जेवलास का?"

मी पुन्हा विचारलं, "जेवलास का रे?"

"आई," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "तू हरली नाहीस."

"म्हणजे?"

"आमच्या पुढे एक जहाज होतं. बाहेर आमच्या शेजारीच नांगरावर उभं असायचं. त्यांचा मोटरमन रत्नागिरीकडचा, आम्ही रेडिओवर मराठीत गप्पा मारायचो. ते आमच्या आधी निघालं. आम्ही त्याच्या बाजूने गेलो आई. जळत होतं. मागचा भाग सगळा. इंजिन रूम मागेच असते. आम्हाला थांबू दिलं नाही."

तहानंतर घडलेली ही गोष्ट होती, दोघांच्या विजयानंतरची. मी त्या रत्नागिरीच्या मुलाचा विचार केला, त्याच्या आईचा केला. तिच्याकडेही फोनवर कोरा नकाशा असेल.

"आता भरून झालं की त्याच वाटेने बाहेर," मुलगा म्हणाला. "परत विचारतायत प्रत्येकाला. चाचा उतरतो म्हणाले. मला म्हणाले, तुझं तू ठरव."

मला बोलायचं होतं. माझ्याच जिभेवर ते शब्द होते, एकदा बोलून झालेले. पण मी एकदा बोलावलं होतं आणि तो चिडून त्या जळत्या जहाजाच्या शेजारून गेला होता. आता पुन्हा बोलावलं आणि तो पुन्हा हट्टाला पेटला तर? आणि नाही बोलावलं तर? मी फोन धरून उभी राहिले. पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती आणि त्याचा श्वास.

सुनेने माझ्या हातातून फोन घेतला. स्पीकर बंद केला नाही. तिने त्याचं नाव घेतलं नाही, 'अहो'ही म्हणाली नाही.

"उतरा," ती म्हणाली.

तो काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "मला कुणी जिंकायला नकोय. दोन पाळ्या ज्याला करायच्या त्याला करू द्या. लोक काय म्हणतील ते मी ऐकून घेईन, बाजारात उभी राहून. तुम्ही उतरा आणि घरी या."

तिचा आवाज चढला नव्हता. हात मात्र इतका कापत होता की बांगड्या वाजत होत्या. मी तिला आवर घातला नाही. भाभीनेही मान वर केली नाही.

"बरं," माझा मुलगा म्हणाला. मग, ती ऐकतेय की नाही याची खात्री नसल्यासारखं, पुन्हा म्हणाला, "बरं. येतो."